जिथून घेतलं तिथे

फाउंड्री स्ट्रीट शाखा, पोर्ट मॅलरी
१२ जानेवारी

प्रिय स्टेफा,

तुला पत्र लिहायचं नाही असं ठरवून मी तीन वर्षं काढली. नाताळची दोन कार्डं पाठवली ती यात धरू नकोस, त्यांत सहीशिवाय काही नव्हतं. आजही लिहिलं नसतं. पण जिच्यावर चिडायचंय ती माझी बहीण, म्हणजे तूच, नानायमोला समुद्राकाठी लेकीकडे जाऊन बसली आहे आणि फोन उचलत नाही. मग कागदाशिवाय उरतं काय?

ग्रंथालयाची आपली शाखा बंद करायचं घाटतंय. गुरुवारी मुख्य कार्यालयातून मिस प्रू नावाच्या बाई आल्या होत्या. बाई वाईट नाहीत. बुटांचा बर्फ दारात झटकून आत आल्या, कोट स्वतःच टांगला आणि मग माझ्यासमोर एक कागद ठेवला. ऑक्टोबरच्या मोजणीच्या आठवड्यात आपल्या शाखेत आलेली माणसं अकराशे चार. घरी नेलेली पुस्तकं एकशे साठ. शाखेत बसून वाचलेली पुस्तकं अकरा.

अकरा, स्टेफा. आठवड्याभरात.

हा आकडा कसा काढतात ते तुला ठाऊक आहे. वाचून झाल्यावर लोक टेबलांवर पुस्तकं टाकून जातात, ती संध्याकाळी गोळा करून मोजायची. मुख्य ग्रंथालयात माणसं ढीगच्या ढीग टाकून जातात, खुर्च्यासुद्धा आत सरकवत नाहीत, आणि तो सगळा पसारा त्यांच्या नावावर जमा होतो. आपल्याकडे संध्याकाळी टेबलं लख्ख. कारण सत्तावीस वर्षं तू या लोकांच्या मागे लागलीस. दारासमोर निळ्या रंगात पाटी रंगवून टांगलीस, 'वापरलं की पुसा. जिथून घेतलं तिथे ठेवा.' फाउंड्रीच्या टूलरूममध्ये हत्यारं देणाऱ्या आपल्या बापाचं, टाटोंचं, वाक्य उचलून ग्रंथालयाच्या भिंतीवर लावलंस. फाउंड्री बंद होऊन वीस वर्षं झाली, पण वाक्य अजून कामावर आहे.

परवाच मी फाउंड्रीतल्या मिस्टर ओलिव्हेरांकडे लक्ष ठेवून बसले होते. दोन तास त्यांनी होड्यांच्या नकाशांचं ते मोठं पुस्तक वाचलं. मग खिशातून रुमाल काढून पुठ्ठा पुसला, पुस्तक जागेवर ठेवलं आणि शेजारच्या पुस्तकांशी ओळीत आहे ना ते एक डोळा मिटून पाहिलं. मोजणीत शून्य. घरीही नेत नाहीत. टूलरूमचं हत्यार घरी नेणाऱ्याला फाउंड्रीत काय म्हणायचे ते तुला आठवत असेल, मी लिहीत नाही.

मिस प्रूंनी निष्कर्ष फार सभ्यपणे सांगितला. माणसं येतात, पण पुस्तकांना हात लावत नाहीत, म्हणजे उबेला येतात. उबेसाठी समाजकेंद्रात एक खोली पुरे. ज्यांना पुस्तकं हवीत त्यांच्यासाठी तिथे कुलपाचे कप्पे ठेवतील, मागवायचं आणि घेऊन जायचं. नगर परिषदेचं मतदान २४ मार्चला आहे. त्याआधी फेब्रुवारीत एक मोजणी व्हायची आहे, ती शेवटची.

शाखांनी जुन्या पाट्या काढून पुस्तकं टेबलावर ठेवायला सांगणारी नवी पाटी लावावी, असं परिपत्रक कधीच निघालं होतं म्हणे. माझ्या तरी पाहण्यात नाही.

तू लावलेली सवय तुलाच मोडता येईल. दोन ओळी लिहून पाठव, मी वाचून दाखवीन. माझं इथे कोणी ऐकत नाही.

ओरिस्या


१ फेब्रुवारी

प्रिय स्टेफा,

तुझं उत्तर नाही. ठीक आहे.

तीन आठवडे मी या लोकांना पसारा करायला शिकवतेय. अठ्ठावन्नाव्या वर्षी, कंबर अशी असताना, मोठ्या माणसांच्या मागे फिरत सांगायचं की पुस्तक उचलू नका, तिथेच राहू द्या. शाळेतली पोरं लगेच शिकली, त्यांना ते जन्मतः येतं. बाकीच्यांनी माझा छळ मांडलाय.

मिस्टर ओलिव्हेरांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मान डोलावली. पुस्तक टेबलावर ठेवून दारापर्यंत गेले, कोटाची बटणं लावली, टोपी घातली, परत आले आणि पुस्तक जागेवर ठेवून गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगितलं तर म्हणाले, पोरी, मी प्रयत्न केला, पण बसमध्ये बसल्यावर मला त्याची आठवण येत राहील.

मिसेस डॉकरींचं तर विचारूच नकोस. त्या आता दुसऱ्यांचीही पुस्तकं जागेवर लावतात. चौतीस वर्षं नर्स होत्या, त्यांना टेबलावर काही पडलेलं बघवत नाही. मी त्यांना बाजूला घेऊन आकड्यांचं सगळं समजावलं. अकरा हा आकडा सांगितला. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"म्हणजे आम्ही नीट वागलो म्हणून बंद करणार?"

मी म्हटलं, थोडक्यात तसंच.

"आणि आम्ही उकिरडा केला तर चालू ठेवणार?"

मी म्हटलं, हो.

"मग हे त्या बाईंना जाऊन सांग, बयो. मला काय सांगतेस?" असं म्हणून समोरच्या टेबलावरची तीन पुस्तकं उचलून त्या चालत्या झाल्या. ती तिन्ही मी मुद्दाम मांडून ठेवलेली होती.

तू म्हणशील, आकडा गेला खड्ड्यात, लोक वाचतायत ना. तुला म्हणायला काय जातंय. तेस्फाय आठवतो का, इरिट्रियाचा, टॅक्सी चालवणारा? तू गेलीस तेव्हा नुकताच यायला लागला होता. तो बॉयलर चालवण्याच्या परवान्याच्या परीक्षेचा अभ्यास करतोय, दोन वर्षं. त्याची पुस्तकं जाडजूड, संदर्भाच्या कपाटातली, घरी न्यायला मिळत नाहीत. दुपारी एक ते चार गाडी मागच्या गल्लीत लावून वाचतो. परीक्षा मे महिन्यात आहे. कुलपाच्या कप्प्यात पुस्तक मिळेल, पण टेबल नाही मिळायचं, आणि घरी त्याच्या दोन खोल्यांत सहा माणसं आहेत. त्याला मी म्हटलं, तू तरी पुस्तकं टेबलावर सोड. तर म्हणाला, मॅडम, पहिल्या दिवशी तुमच्या बहिणीने मला ती पाटी वाचून दाखवली होती. तेव्हा मला इंग्रजी नीट येत नव्हतं. मी ती पाठ केली.

मोजणी नऊ तारखेपासून आहे. तू काही लिहिणार असशील तर आता लिही.

ओरिस्या


११ फेब्रुवारी, बुधवार

स्टेफा,

सोमवारी संध्याकाळी टेबलांवरून चार पुस्तकं गोळा झाली. त्यांतली दोन पोरांची आणि दोन मी स्वतः ठेवलेली. खरं सांगायचं तर मी आठ ठेवली होती. सहा मिसेस डॉकरींनी लावून टाकली. उरलेली दोन मोजताना मलाच लाज वाटली आणि मी ती वहीतून खोडली. म्हणजे दोन.

त्यात दुपारी मिस प्रू पाहणीला येऊन गेल्या. दारात उभं राहून त्यांनी पाटी वाचली. ही अजून इथेच कशी, असं विचारलं. परिपत्रक चार वर्षांपूर्वीच सगळ्या शाखांना गेलंय म्हणाल्या. मी म्हटलं, आम्हाला मिळालं नाही. त्यांनी ते लिहून घेतलं.

ते माझ्या खणात आहे. तुलाही मी खोटंच लिहिलं. पहिलं परिपत्रक तुझ्या शेवटच्या वर्षात आलं, टपाल मी फोडायचे म्हणून माझ्या हाती पडलं. तुला दाखवलं असतं तर तू मुख्य कार्यालयात जाऊन भांडली असतीस, आणि तेव्हा मला तुझं भांडण नको होतं. कारण मी तुझ्या जागेसाठी अर्ज केला होता आणि तुला सांगितलं नव्हतं. तू निवृत्तीचा विचार करतेयस एवढं बोलली होतीस, ठरवलं नव्हतंस. माझी नेमणूक तुला भिंतीवरच्या सूचनेतून कळली. त्याबद्दल आपण कधी बोललो नाही. तू टेबल आवरलंस, टाटोंचा फाउंड्रीतला पितळी बिल्ला तुझ्याकडे होता तो खिशात घातलास आणि गेलीस. माझीही त्या बिल्ल्यावर तेवढीच मालकी होती, पण तेव्हा कुठल्या तोंडाने मागणार?

दुसरं परिपत्रक माझ्याच नावावर आलं. तेव्हा स्टूल घेऊन पाटी काढायला चढलेसुद्धा होते. नाही काढवली. तुझी जागा घेतली, वर तुझी पाटीही काढायची, हे काही जमेना. म्हणून तेही खणात गेलं. तीन वर्षं शाखेच्या नावावर जवळजवळ शून्य लागत राहिलं ते तुझ्या पाटीमुळे नाही, माझ्या खणामुळे. आता चिड माझ्यावर. फोनवर चिडायचं असेल तर फोन कर.

पण पत्र लिहायचं कारण वेगळंच आहे. सोमवारी पाच वाजता ती दोन पुस्तकं हातात घेऊन मी मिस्टर ओलिव्हेरांवर घसरले. म्हटलं, तुमच्या त्या टूलरूममध्ये तरी कोणी काय नेलंय ते माझ्या बापाला कळायचं, इथे मला काहीच कळत नाही.

"कळायचं, कारण बिल्ला असायचा," ते म्हणाले. "पान्हा घेतला की त्याच्या खिळ्यावर आपला बिल्ला. पान्हा ठेवला की बिल्ला परत. पेट्रोची पोरगी तू, आणि तुझ्याकडे बिल्ला कुठे आहे?"

मी विचारलं, असे बिल्ले अजून कुठे मिळतील?

काल सकाळी दार उघडलं तर ते बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन उभे. फाउंड्री बंद झाली त्या दिवशी टाटोंनी ज्याचा त्याला बिल्ला देऊन टाकला होता, वरचं कोणी विचारायला यायच्या आत, आठवतंय ना? जे न्यायला आले नाहीत त्यांचे युनियनच्या कार्यालयात पडून होते. शंभरावर निघाले, पितळेचे, काळवंडलेले, नंबर मात्र स्पष्ट.

आता पद्धत अशी: पुस्तक काढलं की त्या फटीत बिल्ला ठेवायचा. वाचून झालं की पुस्तक पुसून जागेवर आणि बिल्ला काउंटरवर आणून दाखवायचा. मी वहीत रेघ मारते. कोणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. अर्ध्यांनी तर घरून स्वतःचेच आणले, किल्ल्यांच्या जुडग्यात होते. मिसेस डॉकरींना मी डब्यातला एक दिला तर म्हणाल्या, कोणा मेलेल्याचा नंबर मला नको, आणि संध्याकाळी आपल्या नवऱ्याचा, क्लिफ्टनचा घेऊन आल्या. क्लिफ्टन जाऊन सहा वर्षं झाली हे त्यांच्या लक्षात आहे की नाही कोण जाणे. ३०६. मी विचारलं नाही.

कालच्या रेघा अठ्ठ्याण्णव.

हे चालणार नाही, ते मलाही माहीत आहे. नियमात टेबलावरची पुस्तकं असं लिहिलंय. तरी तुला सांगावंसं वाटलं. तुझ्याशिवाय हे कळणारं कोणी नाही.

ओरिस्या


१६ फेब्रुवारी

प्रिय स्टेफा,

अपेक्षेप्रमाणे मिस प्रूंनी बिल्ले मोजणीत धरायला नकार दिला. शनिवारी दुपारी हिशेब बंद करायला आल्या तेव्हा मी वही पुढे केली. पाच दिवसांच्या पाचशे बारा रेघा. त्यांनी पानं उलटली, अगदी प्रामाणिकपणे वाचली आणि वही परत दिली. म्हणाल्या, ही पद्धत मंजूर नाही. बाकीच्या शाखा टेबलं मोजतात, तुमच्यासाठी वेगळं करता येणार नाही. तुमच्या खात्यावर नऊ पुस्तकं लागतात. मी त्यांना माझ्या खणातली परिपत्रकं दाखवली आणि चूक माझी आहे, या लोकांची नाही, असं सांगितलं. त्यांनी तेही लिहून घेतलं. स्टेफा, त्या सगळं लिहून घेतात. पेन कधी संपत कसं नाही?

तेवढ्यात तेस्फायच्या अर्जाचा कागद छपाईयंत्रात अडकला. मी त्यांना म्हटलं, बसा जरा, तक्त्यावर सही करायला येतेच. ते यंत्र तू असतानाही असंच होतं. पाऊण तास गेला. बाई हीटरजवळच्या खुर्चीत बसल्या, शेजारच्या फळीवरून एक पुस्तक काढलं, मधमाश्यांच्या पेट्यांचं, आणि वाचायला लागल्या. कोट काढला. बूटही काढले, असं मिसेस डॉकरींचं म्हणणं आहे, मी पाहिलं नाही.

मी परत आले तेव्हा त्या उठत होत्या. पुस्तक मिटलं, तळहाताने पुठ्ठा पुसला, मागे वळून फळीवरची फट शोधली आणि जागेवर ठेवलं. शेजारच्याशी ओळीत केलं. मग माझ्याकडे येऊ लागल्या.

मिसेस डॉकरी मध्ये उभ्या होत्या. आवाज अगदी इस्पितळातला, सौम्य.

"बाई, पाऊण तास वाचलंत. हे तुमच्या तक्त्यात कुठे लागलं?"

मिस प्रूंनी टेबलाकडे पाहिलं. टेबल लख्ख. मग फळीकडे पाहिलं, मग दारासमोरच्या पाटीकडे. कानापर्यंत लाल झाल्या. मला वाटलं, आता चिडतील आणि संपलं सगळं.

"माझी आई पाळायची मधमाश्या," एवढंच म्हणाल्या, जणू तेच कारण होतं.

"असतील," मिसेस डॉकरी म्हणाल्या. "पण तुम्ही उबेला आलात असंच लागणार ना?"

कोणी हसलं नाही. मिस्टर ओलिव्हेरा मात्र उठले आणि डबा उघडून त्यांच्यापुढे धरला. बाईंनी बराच वेळ काढून एक बिल्ला निवडला, मधमाश्यांचं पुस्तक पुन्हा बाहेर काढलं, फटीत बिल्ला ठेवला, आणि पुस्तक परत जागेवर, बिल्ला हातात असं सगळं रीतसर करून काउंटरवर आल्या. मी रेघ मारली. त्यांनी विचारलं, एकाच माणसाने दिवसात पाच पुस्तकं काढली तर पाच रेघा का? मी म्हटलं, हो, पाच वेळा उठावं लागतं त्याला. त्यांनी ते लिहून घेतलं.

येता आठवडा त्या स्वतः इथे बसून बिल्ले मोजणार आहेत. तक्त्यात नाही, पण तळटीप म्हणून जोडता येईल म्हणतात. नगर परिषद तळटिपा वाचते का, हे मला माहीत नाही. वाचत नसावी.

परिपत्रकांबद्दल मला ताकीद मिळेल. मिळू दे.

ओरिस्या


२६ मार्च

प्रिय स्टेफा,

परवा मतदान झालं. सहा विरुद्ध पाच. शाखा एक वर्ष राहणार, बिल्ल्यांची मोजणी प्रयोग म्हणून चालू ठेवायची, पुढच्या मार्चमध्ये पुन्हा हीच कटकट. सभेत मिस प्रूंनी तळटीप मोठ्याने वाचून दाखवली. त्यांच्या आठवड्यात पाचशे एकेचाळीस. त्यातली तीन त्यांची स्वतःची, तेही त्यांनी सांगितलं. मागच्या दोन ओळी आपल्या लोकांनी भरल्या होत्या. बोलायला कोणी उठलं नाही. सभा संपल्यावर आपल्याच लोकांनी दालनातल्या सगळ्या खुर्च्या नीट लावल्या, तिथल्या शिपायाने नको नको म्हटलं तरी. घरी पोचायला मला उशीर झाला तो त्यामुळे. तेस्फायची परीक्षा इथेच पार पडेल, एवढं तरी झालं.

एक अट आहे. सगळ्या शाखांत एकसारखी पाटी हवी. तुझी काढावी लागणार होती. या वेळी मी खणाचा आधार घेतला नाही. काल सकाळी स्टूलावर चढले आणि काढली. मागे भिंतीवर पाटीएवढा चौकोन स्वच्छ राहिलाय आणि वर तो मोठा खिळा. मिस्टर ओलिव्हेरा खाली स्टूल धरून उभे होते. मला वाटलं, काहीतरी लागट बोलतील. त्यांनी पाटी माझ्या हातातून घेतली आणि रुमालाने पुसली.

खाली उतरले तर टपाल आलं होतं. नानायमोचा शिक्का, तुझं अक्षर. आत चिठ्ठी असेल म्हणून मी पाकीट उलटं करून झटकलं. एका ओळीचीही नव्हती. फक्त टाटोंचा बिल्ला, नंबर एक, टेबलावर पडला आणि गोल फिरत राहिला.

तीन महिन्यांत चार पत्रं लिहिली मी. खणातलं सुद्धा लिहिलं. आणि तू एक शब्द लिहीत नाहीस. खूप चिडले. दिवसभर कोणाशी धड बोलले नाही, मिसेस डॉकरींनी मला बळेच चहा पाजला. मग संध्याकाळी टेबलं बघत असताना डोक्यात प्रकाश पडला. टूलरूमच्या खिडकीवर कोणी कधी बोलायचं नाही. आत आवाज एवढा असायचा की बोलून उपयोग नव्हता. बिल्ला आत सरकवायचा, हत्यार बाहेर यायचं. तू बिल्ला सरकवला आहेस. म्हणजे काहीतरी मागते आहेस, आणि ते काय हे मी ओळखायचं. तू लहानपणापासून अशीच आहेस.

तर, पाटी पाठवते आहे. वेगळ्या पार्सलात, जाड कागदात गुंडाळून, पुसून. तुझा बिल्ला इथे भिंतीवर तिच्या खिळ्यावर टांगलाय. नवी पाटी मी बाजूला लावली आहे, त्या खिळ्याला हात लावलेला नाही.

नियम तुला माहीत आहेत, तूच लिहिलेस. वापरून झाली की पाटी इथे आणून ठेव आणि बिल्ला घेऊन जा. टपालाने परत पाठवलेली चालणार नाही, टूलरूममध्ये हत्यार माणसानेच आणून द्यायचं असायचं.

रविवारी शाखा बंद असते, बाकी रोज दहा ते सहा.

ओरिस्या